निरंतर शिक्षा

बातमी आली तीच मुळी ग्रुपवर. ‘डॉ. खानझोडे सर नहीं रहे’, एवढंच. खाली जोडलेले हात. रायपूरमध्ये प्रॅक्टिस करणाऱ्या आम्हा पशुवैद्यकांचा हा व्हॉट्सॲप ग्रुप सरांनीच काढलेला, आणि त्याचा नियम एकच : बातमी नव्या लशीची असो की नव्या आजाराची, ती कुठून आली ते आधी सांगायचं. नाही सांगितलं की खाली सरांचा प्रश्न ठरलेला... ‘किसने बताया?’ त्या सकाळी मी घरी डबा भरत होते. मेसेज वाचला आणि काही कळायच्या आत बोटांनी तेच लिहून टाकलं, किसने बताया? मला मेसेज टाकणाऱ्याचा संताप आला. खात्री केल्याशिवाय असं काही टाकतात कसे लोक! मग काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा फोन आला. त्या फक्त म्हणाल्या, “वैशाली, ये वं.” आणि माझी खात्री पटली.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. सरांबद्दल चांगलं लिहावं असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण नुसतं चांगलं लिहिलेलं सरांना कधीच पटायचं नाही, त्यामुळे जसं होतं तसं लिहिते.

सर मूळचे वर्ध्याकडचे. सरकारी नोकरीच्या निमित्ताने इकडे आले, छत्तीसगडभर गाई-म्हशींमागे फिरले आणि नंतर चौबे कॉलनीत घराच्या तळमजल्यावर दवाखाना काढून बसले. मी लग्न होऊन नागपूरहून रायपूरला आले, तेव्हा कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांना भेटायला गेले. त्यांनी माझी डिग्री हातात घेतली, उजेडात धरली आणि विचारलं, “खरी आहे ना?” मला वाटलं, गंमत करतायत. गंमत नव्हती. त्यांनी माझ्या कॉलेजात फोन लावला, खात्री केली आणि दुसऱ्या दिवसापासून मला दवाखान्याची मागची खोली दिली.

दर रविवारी सकाळी पुढच्या खोलीत शहरातले डॉक्टर जमायचे. कोणी अडलेली केस आणायचं, कोणी नवीन वाचलेलं काही. सर आणि मी त्याला ‘शिक्षा’ म्हणायचो, त्याचं कारण सरांच्या आई. फार वर्षांपूर्वी त्या गावाहून आल्या असताना सरांनी कुठल्याशा प्रशिक्षणाचा फलक घरी आणून ठेवला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘पशु चिकित्सक निरंतर शिक्षा’. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे त्या माउलीला काय ठाऊक! त्यांनी अक्षरं जुळवत ते वाचलं आणि मटकन खाली बसल्या. “काय गुन्हा केला रे बाबू तू? सरकार निरंतर शिक्षा देऊन राहिलं तुले!” सर हे सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. म्हणायचे, “आईचंच बरोबर आहे. डॉक्टर झाला ना, मग जन्मभर भोगा.”

सरांचा कशावरच विश्वास नसे. औषध कंपन्यांच्या खर्चाने हॉटेलात व्याख्यानं होत, पाहुणे येत, चकचकीत पडद्यावर आलेख चढत जात. सर पहिल्या रांगेत बसून एकच विचारायचे, “जे बरे नाही झाले ते कुठे आहेत?” नंतर जेवताना माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, “पनीर लई मऊ आहे. भाषण पुन्हा तपासजो.” गाईंना लम्पी आला त्या काळात ग्रुपवर रोज नवे अक्सीर इलाज यायचे. सरांनी एकेकाला फोन करून विचारलं, तुम्ही स्वतः किती जनावरांना दिलं? बहुतेकांनी एकालाही दिलेलं नव्हतं.

सदर बाजारातल्या एका सराफाचा ब्रूनो नावाचा पॉमेरेनियन माझ्याकडे आला होता. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी चहासारखी. कांदा खाल्लेल्या कुत्र्याच्या रक्तातल्या पेशी अशा फुटतात हे मला माहीत होतं, पण त्या घरात कांदा-लसूण उंबरठ्याच्या आत येत नाही, म्हणून मी ते कारण खोडून टाकलं. सरांनी केस पाहिली आणि एवढंच विचारलं, “याले फिरवतं कोण?” सराफाचे वडील, दादाजी, फिरवत. सर त्यांना म्हणाले, “दादाजी, ज़रा गाड़ी तक चलिए.” दोघं बाहेर गेले. परत आले तेव्हा दादाजींचा चेहरा पडलेला आणि सरांचा अगदी साधा. घरच्यांना सरांनी सांगितलं, बाहेरचं काही तोंडात गेलंय, बरा होईल. मग मला मागच्या खोलीत येऊन म्हणाले, “म्हातारा रोज गोल बाजारात कांद्याचे भजिये खाते. अर्धे याले चारते, म्हणजे घरी कोणाले पुडी दिसू नये.” ब्रूनो बरा झाला. दादाजींची चोरी सरांनी कोणालाही कळू दिली नाही. मी आज लिहिते आहे, कारण दादाजी आता नाहीत आणि ब्रूनोही नाही.

...आणि मग ती दुपार. सरांनी मला पुढच्या खोलीत बोलावलं, दार लावून घ्यायला सांगितलं. एका मांजरीला ताप होता आणि सरांनी चिठ्ठीवर पॅरासिटामॉल लिहून दिलं होतं. मांजरीला ती गोळी म्हणजे विष. कॉलेजातल्या पोरांनाही हे ठाऊक असतं. मालकीण फाटकापर्यंत पोचली होती. सरांनी हाक मारून चिठ्ठी परत घेतली.

“मले माझ्यावरच संशय येऊन राहिला, वैशाली.”

“होतं सर एखादवेळी.”

“हे तू मले सांगून राहिली का मांजरीच्या मालकिणीले?”

ते पुढे म्हणाले, “मी दाखवतो डॉक्टरले. पण डॉक्टर मले महिन्यातून एकदा पायन. तू रोज पायते. तू माझ्यावर संशय घे. ज्या दिवशी वाटन ना, त्या दिवशी सरळ सांगजो, सर, बस. आणि निखिलले आत्ताच काही बोलू नको.” निखिल म्हणजे त्यांचा मुलगा. तो बंगळुरूला असतो.

डॉक्टरांनी तपासलं. स्मृती जाण्याच्या आजाराची ती सुरुवात होती.

त्यानंतरचे महिने मला आठवायलाही नको वाटतात. ज्या माणसाकडून सगळं शिकले, त्याच्यावर मी पाळत ठेवली. ते इंजेक्शन भरत तेव्हा मी काहीतरी शोधायच्या निमित्ताने शेजारी जाऊन उभी राहायची. ते हसले की वाटायचं, हे हसणं काही झाकायला तर नाही? नाव आठवायला थांबले की मी मनात सेकंद मोजायची. लोकांच्याही नजरेतून हे सुटलं नाही. ग्रुपमधल्या एकाने दुसऱ्याला सांगितलं, मॅडमचा डोळा दवाखान्यावर आहे, ते फिरून माझ्याकडे आलं. मग निखिलचा फोन आला. त्याला मराठी समजतं, पण बोलतो हिंदीतच.

“दीदी, आप पापा का हर पर्चा चेक कर रही हैं? ये चल क्या रहा है?”

“तू बाबांनाच विचार, निखिल.”

“वो तो कहते हैं कुछ नहीं. इसीलिए आपसे पूछ रहा हूँ.”

मी सरांना शब्द दिला होता, त्यामुळे काही बोलता येईना. फोन ठेवल्यावर मी स्वतःलाही तपासून पाहिलं. मला ती पुढची खोली हवी होती का? थोडी हवी होतीही. तिथे उजेड चांगला येतो. म्हणजे आता मी ‘बस’ म्हटलं तर ते मांजरी-कुत्र्यांसाठी की उजेडासाठी? आणि नाही म्हटलं आणि एखादी चिठ्ठी फाटकाबाहेर गेली तर? मी रोज उद्यावर ढकलत राहिले.

एका रविवारी शिक्षेला सगळे जमले होते. सरांनी आरंगकडच्या एका बकरीची केस सांगितली. तिने मालकाचं राशन कार्ड खाल्लं होतं. शेवटी सर म्हणाले, “बकरी ठीक है. लेकिन अब राशन बकरी के नाम से आएगा.” सगळे खो खो हसले. सरांनी हीच केस याच शब्दांत मागच्या रविवारी सांगितली होती, आणि तेव्हाही सगळे असेच हसले होते. मी वाट पाहिली, कोणीतरी बोलेल. मी उठून म्हणाले, “सर, बस.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “पुरावा?”

“हीच केस, हाच विनोद, मागच्या रविवारी झालाय सर.”

सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. “तो आप लोग हँसे क्यों?”

एकजण चाचरत म्हणाला, “सर... आपका मान रखने के लिए.”

“मेरा मान रख लिया. और जानवर का?” सरांनी खिशातून औषधांच्या कपाटाची किल्ली काढली, माझ्यासमोर ठेवली आणि मराठीत म्हणाले, “झाली बाप्पा माझी शिक्षा.” त्यातला दुसरा अर्थ त्या खोलीत मला एकटीलाच कळला. मी मागे जाऊन खूप रडले. सर समजूत काढायला आले नाहीत, आणि ते बरंच झालं.

त्यानंतर दवाखाना मी चालवते. म्हणजे लोकांचा संशय खरा ठरला, असं कोणी म्हणालं तर मला खोडून काढता येणार नाही. सरांच्या आजाराचं काकूंनीच निखिलला सांगितलं. तरी तो माझ्याशी मोजूनमापूनच बोलायचा. मी आधी का सांगितलं नाही, हा त्याचा राग होता, आणि त्याच्या जागी मी असते तर मलाही आला असता.

शेवटी शेवटी सरांना माझं नाव आठवेना. एका संध्याकाळी काकूंनी मला वर बोलावलं. सर गोळी घ्यायला तयार नव्हते, थुंकून टाकत होते. निखिल आलेला होता, दारात हात बांधून उभा होता. सरांनी माझ्या हातातली गोळ्यांची पट्टी घेतली, उलटसुलट केली. वाचता येत नव्हतं बहुधा. ती माझ्याकडे परत देत म्हणाले, “तू पाहिली का?”

“पाहिली.”

“नीट?”

“नीट पाहिली सर.”

“मग दे.” आणि लहान मुलासारखं तोंड उघडलं. जन्मभर कोणावर विश्वास न ठेवलेल्या माणसाने माझ्या एका शब्दावर गोळी गिळली. निखिल आत निघून गेला. पुढे काकू रोज ‘खालच्या डॉक्टरनं पाहिली’ असं सांगूनच त्यांना गोळी देत.

तेरावं झालं. निखिल परत निघायच्या दिवशी मी दवाखान्यात एका कुत्र्याला लस देत होते. तो जिना उतरून आला, कुत्र्याच्या घरचे बाहेर जाईपर्यंत थांबला आणि काकूंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, टेबलावर ठेवल्या. आमच्या इतक्या वर्षांच्या ओळखीत तो पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलला, अडखळत.

“दीदी, हे... तू पाहिली का?”

मी चष्मा लावला. चिठ्ठीवरचं नाव वाचलं, पट्टीवरचं वाचलं, मागची तारीख वाचली. “पाहिली,” म्हणाले.

तो हलला नाही.

“नीट?” त्याने विचारलं.