सारवलेलं पुराश्मयुग

आमच्या किन्हवलीत पाव्हणा येणार म्हटलं की आधी घर सारवायचं, मग पाव्हणा कोण ते विचारायचं. ही रीत ठाऊक असूनही मी आईला आठवडाभर आधी सांगून बसले की पुण्याहून माझे सर ओढ्याकाठची दरड बघायला येणार आहेत.

त्या दरडीवर माझी पीएचडी टांगलेली होती. पुराश्मयुगाचे आद्य, मध्य आणि अंत्य असे तीन भाग आम्ही पुरातत्त्ववाले पाडतो खरे, पण एक कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो यावरून विद्वान अजून शेताच्या बांधावरून भांडावं तसे भांडतात. दगडाच्या हत्यारावर कुणी जन्मतारीख कोरून ठेवत नाही. ते मातीच्या कुठल्या थरात रुतलंय, यावरून त्याचं वय काढायचं. आमच्या दरडीत खालच्या थरात मोठ्या हातकुऱ्हाडी आणि वरच्या थरात लहान छिलके, म्हणजे दगडाच्या धारदार कपच्या, सगळं जागच्या जागी होतं. सरांनी ते बघून मातीचे नमुने नेले की माझं गाडं मार्गी लागणार होतं. आईच्या लेखी मात्र मी दगड वेचत होते. शहापूरच्या बाजारात कुणी विचारलं तर ती "कालेजात असते" एवढंच सांगून भाजीकडे वळायची.

मी आदल्या दिवशी पुण्याला गेले आणि सरांना घेऊनच परतले. थेट दरडीपाशी पोचलो.

दरड सारवलेली होती. शेणाने, गुळगुळीत, बोटांची वळणं उमटवून. बाहेर आलेले सगळे दगड आईने पहारीने उपटले होते, काथ्याने घासून धुतले होते आणि मडक्यांची उतरंड रचावी तसे मोठे खाली, लहान वर रचून ठेवले होते. समोर रांगोळीही घातली होती. आई हात धुऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून शेजारी उभी होती.

"लय उकरलेली दिसत होती गो," ती म्हणाली. "मोठा मानूस येनार. त्यांना असं दाखवायचं?"

मी रागाने रडले, सरांसमोर रडले, आणि आईला नाही नाही ते बोलले. सर त्या उतरंडीभोवती एक चक्कर मारून आले. म्हणाले, तुझा सगळा निष्कर्ष आईंनी अगदी बरोबर क्रमाने मांडलाय, फक्त आता याचं वय एकच निघेल, कालचं. मग ते आमच्याकडे तांदळाच्या भाकऱ्या जेवले, आणखी एक मागून घेतली आणि नमुन्यांचे रिकामे डबे घेऊन गेले. मला त्या भाकरीचाही राग आला.

संध्याकाळी आईने विचारलं, दगड धुतला की तो जुना राहत नाय का. मी धुसफुसतच समजावलं. दगड जुनाच राहतो, पण किती जुना हे त्याच्या भोवतालची माती सांगते. थर मोडला की मग कुणाला विचारायचं? ती ऐकत तांदूळ निवडत राहिली. कळलं की नाही, हे विचारण्याची माझी मनःस्थिती नव्हती.

पुढच्या वर्षी मी मुरबाडच्या पलीकडे नदीकाठी नवी दरड शोधू लागले. एकदा आई म्हणाली, मी पन येते. नाही म्हणवेना, पण जीपमध्ये बसल्यापासून मी तिला बजावत होते की कशालाही हात लावायचा नाही. शेजारचा माणूस मला देवळाचा पुजारी समजला असावा. काठावर उतरल्यावर आईने दोन्ही हात पदरात गुंडाळले आणि तशीच हिंडू लागली.

दुपारी डबा उघडून मी तिला हाक मारली. ती लांब, उघड्यावर उभी होती. चैत्राचं ऊन नुसतं भाजत होतं. हाकांवर हाका मारल्या, पण ही जागची हलेना. शेवटी वैतागून मीच गेले.

तिच्यापासून हातभर अंतरावर दरडीतून दगडाची एक धार डोकावत होती. हातकुऱ्हाड, मातीत घट्ट रुतलेली. आईचा चेहरा लालबुंद झाला होता, पदर घामाने भिजला होता. मला भरून आलं आणि सवयीने मी तिच्यावरच डाफरले. अगं, खुणेला एक काठी रोवायचीस आणि सावलीला यायचंस.

"काठी रोवली असती," आई म्हणाली, "तर थर नसता मोडला?"