दुहेरी नळी

दादा गेल्याची तार आली तेव्हा आम्ही दोघंही कारखान्यातच होतो. यांना ती मोठ्यानं वाचवेना. आता महिना होत आला...

दादा माझा थोरला भाऊ, अकोल्याला इंजिनिअर. दुसरबीडला आमचा लोणच्याचा कारखाना. बरण्या धुवायला कढत पाणी लागायचं, त्यासाठी दिवसभर लाकडाची भट्टी. धुरानं बायांचे डोळे लाल व्हायचे. ते पाहून दादानं छपरावर उन्हानं पाणी तापवायचं मनावर घेतलं. आमच्या खाऱ्या पाण्यानं नळ्या बुजतील, म्हणून उन्हात फिरणारं पाणी त्यानं वेगळंच ठेवलं. त्यात गंजावरचं विषारी औषध आणि हिरवा रंग. ते टाकीतल्या तांब्याच्या नळीतून फिरणार आणि भोवतालचं स्वच्छ पाणी तापणार.

पण नळी आली ती एकेरी. दादानं दुहेरी सांगितली होती. इकडे कैऱ्यांचे ढीग पडलेले, भट्टी आधीच पाडलेली.

"भाऊ, आता हेच लावा. कैऱ्या सडून राह्यल्या," हे म्हणाले.

"दाजी, हे एकेरी नळी आतून फुटली तर औषधाचं पाणी बरण्याइत जाईन, अन् बंद टाकीत कोनाले समजनारबी नाही. नळीवर नळी पाह्यजे. मंग गळलं तर मधल्या फटीतून बाहेर येईन, साऱ्याइले दिसन."

"नवी नळी काऊन फुटन?"

दादा नळी काखेत मारून, वाढलेलं ताट तसंच सोडून निघून गेला. बायांनी अंगणात दगडांच्या चुली मांडल्या, तरी कितीतरी कैरी फेकावी लागली. पुढं तो दुहेरी नळी घेऊन आला, बसवून गेला. पण भाऊबीजेला तो आला की यांना नेमकं कारखान्यात काम निघायचं. मी दोघांच्या मधे...

काही वर्षांनी, हिवाळ्यातल्या एका सकाळी टाकीखाली हिरवं पाणी दिसलं. काम थांबवलं. टाकीतलं पाणी काढून पाहिलं, तर नितळ होतं. हे बराच वेळ त्या हिरव्या ओलीकडं बघत राहिले. मग पोस्टात जाऊन ट्रंककॉल लावला.

"भाऊ, जेवाले या." एवढंच बोलले.

दादा आला. जेवताना नळीचा विषय कुणीच काढला नाही. लोणचं मात्र त्यानं दोनदा मागून घेतलं.

तेव्हापासून पाणी सोडण्याआधी कुणीतरी बाई टाकीखालच्या फरशीवरून हात फिरवते. तेराव्याहून परतलो, त्या सकाळी बायांच्या आधी हेच तिथं गेले. गुडघे टेकले, तळहात फिरवला.

"कोरडी हाय," म्हणाले. हात मात्र उचलेनात.