माणूस आत असताना

गल्लीत कुणी आजारी पडलंय एवढं नुसतं कानावर आलं, की चाचा उजव्या हाताची बाही कोपराच्या वर सारायचे आणि म्हणायचे, "मी हाय की!" रक्त लागणार आहे की नुसता खोकला झालाय, याची चौकशी नंतर. माझ्या नवऱ्याची दाढ काढायची होती, तेव्हाही त्यांनी बाही वर केली होती. "दाढेला रक्त लागत नाही, चाचा," असं मी म्हटलं, तर म्हणाले, "असू दे की, बाई. सांगून येतंय व्हय?"

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमचे चाचा रिक्षांच्या सीटा शिवायचे. कोल्हापूरचा रिक्षावाला स्वतः विटका शर्ट घालेल, पण रिक्षाची सीट त्याला लालभडक रेक्झिनची आणि पांढऱ्या काठाची लागते, त्यामुळे दुकानासमोर कायम दोन-तीन रिक्षा उभ्या असायच्या. पण शिवता शिवता कुणाला दवाखान्यात नेल्याची बातमी आली, की मशीनवर फडकं टाकून चाचा गायब. सीट नसलेल्या रिक्षात तो रिक्षावाला बिचारा लोखंडावर टेकून वाट बघायचा. शिव्याही द्यायचा, पण हळू आवाजात, कारण त्याच्याही घरचं कुणी ना कुणी चाचांनीच कधीतरी धरून दवाखान्यातून घरी आणलेलं असायचं.

त्यांची एक दवाखान्याची पिशवी होती. चटई, थर्मास, चार्जर, पंचा, बिस्किटांचे पुडे. ती दाराच्या खुंटीला कायम भरलेली असायची.

त्यांचा जाचही कमी नव्हता, खोटं कशाला बोलू? वॉचमनशी भांडायचे, शेजारच्या पेशंटला काय खायला घालायचं ते न विचारता सांगायचे. माझ्या सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन होतं तेव्हाची गोष्ट. त्यांना आत नेल्यावर मी म्हटलं, आता वेळ लागेल, घरी जाऊन अंघोळ तरी करून येते. चाचा जिन्यात आडवे उभे राहिले.

"बाई, माणूस आत असताना घरात बसायचं न्हाय."

"अहो चाचा, त्यांना भूल दिलीय. मी इथं आहे की घरी आहे, त्यांना काय कळणार?"

"कळतंय. आपलं माणूस भाईर बसलंय हे आतल्याला बरोब्बर कळतंय."

मी शाळेत विज्ञान शिकवते. तरी मुकाट्यानं परत येऊन बसले. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा पारोसं बसणं सोपं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी माझ्या वर्गात होती. लहानपणापासून बापाच्या मागं डबे घेऊन दवाखान्यात फिरलेली. पुढं ती नर्स झाली आणि मस्कतला गेली. चाचा रिक्षावाल्यांना सांगायचे, "मी जलमभर दवाखान्याच्या भाईर बसलो, माझी पोरगी आत गेली बगा." आणि वर पुन्हा, "पगारी!"

मग एका सकाळी चाची पदर सावरत रस्ता ओलांडून माझ्याकडं पळत आल्या. हातात फोन होता आणि तो त्यांनी माझ्या पुढ्यात असा धरला होता, की जणू तो हातात धरवत नव्हता. पलीकडं मुलीची मैत्रीण होती, तिच्याच खोलीत राहणारी केरळची नर्स. ड्यूटीवरून परतताना त्यांची गाडी उलटली होती. मैत्रिणीला खरचटण्यावर भागलं होतं, पण चाचांच्या मुलीच्या डोक्याला मार लागला होता. ऑपरेशन झालं, रक्त चढवलं, आता व्हेंटिलेटरवर आहे, शुद्ध नाही. जगेल का, या प्रश्नाला मैत्रिणीनं उत्तर दिलं नाही. नर्सनं उत्तर दिलं नाही म्हणजे काय, ते मला समजलं.

चाचांना मीच जाऊन सांगितलं. ते मशीनवर वाकले होते. सगळं ऐकून घेतलं. "रक्त चढवलंय" एवढं मी म्हटलं आणि त्यांचा डावा हात आपोआप उजव्या बाहीकडं गेला. बाही वर सारली. मग त्यांच्या ध्यानात आलं. दिवसभर ते तसेच, एक बाही वर केलेले, दुकानाच्या पायरीवर बसून होते. ती खाली करा, असं म्हणायचा धीर आमच्यापैकी कुणाला झाला नाही.

पासपोर्ट नव्हता. शेजारच्या हुपरी गावाच्या पलीकडं जायची वेळ ज्याच्यावर आली नाही, त्याच्याकडं तो कशाला असेल? अर्ज केला, पण तो हातात येईपर्यंत पुढं काय काय होईल हे कोण सांगणार होतं?

गल्ली त्यांच्या घरी लोटली. पेशंटला बघायला जायचं म्हणजे शहाळं न्यायचं, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय, की पेशंट समुद्रापलीकडं असतानाही लोक शहाळीच घेऊन आले. कोपऱ्यात ढीग लागला. त्या घरात पाणी प्यायचीही कुणाला वासना नव्हती, मग शहाळी कोण पिणार? लोक येत, बसत, काय बोलावं ते सुचत नसे म्हणून "मस्कतला दवाखाने चांगले असतात" असं म्हणत. चाची मांडीवर फोन घेऊन बसलेल्या. तो वाजला की सगळ्यांच्या माना तिकडं वळायच्या. बहुतेक वेळा एखाद्या रिक्षावाल्याचा असायचा, "चाचा, काय कळलं का?" चाचांना मात्र घरात बसवत नव्हतं. उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. सगळ्या गल्लीच्या दुखण्याला धावलेला माणूस, आणि त्याला धावायला जागाच उरली नव्हती.

एका सकाळी ते घरात नव्हते. मशिदीत नव्हते, दुकानाला कुलूप. फोन तर चाचींच्या मांडीवर. दुपार झाली. दोघं-तिघं गाड्यांना किक मारून रंकाळा तलावाकडं निघाले. का, ते कुणी विचारलं नाही. मला इतकी भीती वाटत होती, की चाचींकडं बघायचं मी टाळत होते. भिंतीकडं बघत होते, आणि म्हणूनच दिसलं. खुंटीवर पिशवी नव्हती.

आमच्या मोठ्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आयसीयू आहे. त्याच्या दारासमोर नातेवाईकांच्या गर्दीत चटई टाकून चाचा बसले होते. थर्मास शेजारी.

"चाचा, इथं काय करताय?"

"पोरगी आत हाय न्हवं, बाई."

माणसाचं डोकं फिरलं असं वाटलं. ते त्यांनी ओळखलं असावं.

"येडा न्हाय झालो. मस्कत कुठं हाय ते म्हाईत हाय मला. ह्या दारातनं काय माझी पोरगी भाईर येणार न्हाय." मग दाराकडं बघत म्हणाले, "पर ती आत पडलीया आनि मी घरात गादीवर बसू व्हय? तितं भाईर कोन बसलंय तिच्यासाठी? कोनबी न्हाय. मग कुठं बसू मी, सांगा की."

मी चाचींना घेऊन आले, आणि त्या दिवसापासून दोघं तिथंच बसू लागले. शाळा सुटली की मीही जायचे.

पहिल्याच दिवशी वॉचमननं पास मागितला. चाचांना ओळखणारा जुना वॉचमन जाऊन नवा आला होता. पेशंटचं नाव काय, बेड कुठला? शेजारी शिरोळची एक बाई होती. उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला तिचा नवरा आत होता. आदल्या तासाभरात तिनं चाचांकडून सगळं ऐकलं होतं. ती उसळलीच. "आमच्यातलं हाईत ते. पोरगी आत हाय त्यांची. बसू दे की, तुज्या डोस्क्यावर बसल्यात व्हय?" वॉचमन गेला. कुणीही हसलं नाही. दाराबाहेर बसलेल्या त्या लोकांना जे लगेच पटलं, ते गल्लीतल्या शहाण्यांना मी नंतर किती समजावलं तरी पटलं नाही.

ते दार अधूनमधून उघडायचं. सिस्टर डोकं बाहेर काढून एखाद्या पेशंटचं नाव पुकारायची आणि त्याचे नातेवाईक आत जायचे. औषधासाठी असायचं, सहीसाठी असायचं, कधी शेवटचं बघायला असायचं. नाव कुणाचंही असो, दार उघडलं की चाचा ताडकन उभे राहायचे. चाची शर्ट धरून त्यांना खाली ओढायच्या. "बैठो जी. अपना नाम नई लेनेवाले वो." बसायचे, आणि पुन्हा दार वाजलं की उभे. इतकी वर्षं लोकांसाठी त्या दाराशी बसलेला माणूस त्याच दाराला इतका घाबरलेला मी पाहिला, आणि मलाही त्या कडीच्या आवाजाची धास्ती बसली.

मग मैत्रिणीचा निरोप आला. आज नळी काढून बघणार आहेत, ती आपला आपण श्वास घेते का ते. घेतला तर ठीक.

शाळेला सुट्टी होती, मी सकाळपासून तिथंच होते. शिरोळच्या बाईला त्याच सकाळी डॉक्टरांनी बोलावून सांगितलं होतं, आता आशा धरू नका. ती भिंतीला टेकून बसली होती. तिचा दीर गावाकडं माणसं आणायला गेला होता. चाचांनी थर्मासमधला चहा कपात ओतून तिच्या हातात दिला, तो ती नुसती धरून होती. चाची मण्यांची माळ ओढत होत्या. चाचा दाराच्या कडीकडं बघत होते.

फोन वाजला. मस्कतचा व्हिडिओ कॉल. चाचींनी तो चाचांकडं दिला, चाचांनी माझ्याकडं. "तुमीच घ्या, बाई." त्यांनी डोळे गच्च मिटले होते. मी बटण दाबलं. मैत्रीण रडत होती आणि रडत रडत हसत होती. तिनं फोन फिरवला. डोक्याला पांढरं बांधलेलं, सुजून ओळखू न येणारा चेहरा. तोंडात नळी नव्हती. डोळे उघडे होते.

"चाचा, बघा. अहो, बघा तरी!"

त्यांनी डोळे उघडले. फोन दोन्ही हातांत घेतला. किती वेळ बघत होते देव जाणे. मी आणि चाची एकमेकींना घट्ट धरून रडत होतो.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. सिस्टरनं शिरोळच्या माणसाचं नाव पुकारलं. हातातला कप घेऊन ती बाई उठायला गेली आणि तिला उठता येईना. चहा लुगड्यावर सांडला. तिनं इकडंतिकडं बघितलं. तिचं असं तिथं कुणीच नव्हतं.

चाचांनी फोन चाचींच्या हातात दिला. बाईच्या हातातला कप काढून घेतला, तिला कोपराला धरून उभं केलं. "चला, ताई. मी हाय की." दोघं आत गेले आणि दार लागलं.

फोनवर पोरगी काहीतरी म्हणत होती. आवाज नव्हता, नुसता घोगरा श्वास. चाचींनी कान लावला.

"अब्बा?" ती विचारत होती.

चाचींनी डोळे पुसले, फोन उलटा वळवला आणि तिला दिसेल असा त्या बंद दारासमोर धरला.