कारण: तळघर

आठवीच्या बीजगणितात माझ्या मावशीला मी नापास केलं. मुद्दाम नाही, पण केलं. माझ्याच हाताने, लाल शाईने, आणि वर हसत हसत. घरात हा विषय निघाला की मी अजूनही पाणी प्यायला उठते.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आठ मजले वर आणि तीन तळघरं खाली अशा एका कचेऱ्यांच्या इमारतीत ती एकोणीस वर्षं लिफ्ट चालवत होती. जाळीचा दरवाजा, पितळी दांडा, कोपऱ्यात उंच स्टूल आणि स्टुलावर मावशी. कुणाचं कुणाशी बिनसलंय, कुणाला बढती मिळणार आणि कुणाला नुसतीच आशा आहे, हे तिला त्या माणसांच्या आधी कळायचं. दोन मजल्यांच्या मधे ती माणसाच्या पोटातलं काढून घ्यायची. तिला माणसं लागतात. तापाने फणफणली तरी ती कामावर जायची, कारण घरी बोलायला कुणी नसायचं.

लिफ्टमध्ये पाटी होती: सहा माणसे, चारशे किलो. वजन त्याच्या वर गेलं की घंटा वाजायची आणि लिफ्ट जागची हलायची नाही. या घंटेचा मावशीने जो उपयोग करून घेतला, तो घंटा बनवणाऱ्याच्या स्वप्नातही आला नसेल. चौथ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर आपलं वजन अठ्ठ्याहत्तर सांगायचे. एकदा ते आत शिरले तेव्हा लिफ्टमध्ये कागदांचे दहा गठ्ठे होते, पंचवीस किलोंचा एकेक. घंटा वाजली. मावशीने छताकडे बघून हिशेब केला.

"गठ्ठे अडीचशे, मी अठ्ठावन्न. तीनशे आठ झाले. उरले ब्याण्णव. घंटा वाजली, म्हणजे डॉक्टर, तुम्ही ब्याण्णवच्या वर आहात. किती वर, ते मी विचारत नाही."

डॉक्टर त्या दिवशी जिन्याने गेले. पुढचे चार महिने जिन्यानेच जात होते. मग एकदा गठ्ठे चढताना पाहून ते मुद्दाम येऊन उभे राहिले, घंटा वाजली नाही, आणि मावशीने ही बातमी संध्याकाळच्या आत आठही मजल्यांवर पोहोचवली.

याला असमीकरण म्हणतात हे तिच्या गावीही नव्हतं. आणि असमीकरण हा तर माझा धंदा. मी शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते.

मग इमारतीने नव्या लिफ्ट घ्यायचं ठरवलं, बटण दाबलं की चालणाऱ्या. तळमजल्यावर एक काचेची खोली होणार होती आणि तिथून सगळ्या लिफ्टवर लक्ष ठेवायला एक माणूस बसणार होता. पण तो किमान आठवी पास हवा. मावशीने शाळा सातवीत सोडलेली. व्यवस्थापकांनी सांगून टाकलं, "नव्या लिफ्ट सुरू व्हायच्या आत आठवीचा निकाल आणा, खोली तुमची. नाहीतर तिसऱ्या तळघरातलं सामान सांभाळा." तिसऱ्या तळघरात मोडक्या खुर्च्या, जुन्या फायली आणि बादल्या होत्या. माणूस औषधालाही नाही. पगार दोन्हीकडे तोच होता, पण मावशीला पगाराचं काही नव्हतं.

"अगं, बादल्यांशी मी काय बोलू?" ती मला म्हणाली. तिच्या आवाजात भीती मी पहिल्यांदा ऐकली.

बाहेरून परीक्षेला बसायचं ठरलं. बाकीचे विषय तिने स्वतःकडे ठेवले, गणित माझ्या गळ्यात पडलं. मी वहीत लिहिलं: २क्ष + ५ = १७.

"हा क्ष कोण?"

"माहीत नाही. तेच तर शोधायचंय."

"म्हणजे तोंड लपवून लिफ्टमध्ये शिरलेला माणूस," मावशी म्हणाली. "एक नाही, दोन आहेत, सारख्याच वजनाचे. आधी पाच इकडून उतरव. तिकडूनही पाच उतरव. राहिले बारा. सहा-सहा किलोंची माणसं? तान्ही पोरं दिसतायत."

मी अकरा वर्षं मुलांना शिकवत आले होते की पाच पलीकडे गेले की अधिकाचे वजा होतात. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "पलीकडे कसे जातील? चालत?" मला राग आला, पण उत्तर सहाच होतं, ताळाही जमत होता.

गाडी अडली ती असमीकरणांत. ऋण संख्येने भागलं की चिन्हाचं तोंड फिरतं, 'पेक्षा मोठा'चं 'पेक्षा लहान' होतं, एवढंच लक्षात ठेवायचं होतं.

"का फिरतं?"

"नियम आहे."

"अगं, पण का? माणूस तोंड फिरवतो तेव्हा कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं. याला कोण काय बोललं?"

तीन संध्याकाळी हाच वाद. खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. नियम पाठ केला, गुण मिळवले, नोकरी लागली. पण सातवी शिकलेल्या मावशीपुढे हे कबूल करायला जीभ रेटेना. त्यापेक्षा आवाज चढवणं सोपं होतं.

"तुला पास व्हायचंय की वाद घालायचाय?"

"दोन्ही," मावशी शांतपणे म्हणाली.

मी वही मिटली. "मग तुझं तू बघ." परीक्षेला पंधरा दिवस होते. ती आली नाही, मीही गेले नाही. आमच्या घरात हट्टाचा कधी तुटवडा पडलेला नाही.

बाहेरून बसणाऱ्यांचे पेपर तपासायला आम्हा शिक्षकांनाच बोलावतात. लांब टेबल, दोन्ही बाजूंना आम्ही, मधे चहाचे पेले. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नुसता क्रमांक. तिसऱ्या दिवशी दुपारी, शंभराच्या वर पेपर होऊन गेल्यावर, एक मजेदार उत्तर हाती लागलं. प्रश्न चार गुणांचा होता: −३क्ष + ४ > −११ हे सोडवा आणि प्रत्येक पायरीचे कारण लिहा. या परीक्षार्थीने पहिली पायरी लिहिली होती: −३क्ष > −१५. कारण: दोन्हीकडून चार उतरवले. दुसरी पायरी: क्ष < ५. कारण: तळघर.

'उतरवले' या शब्दावरून तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण हातात लाल पेन असलं की डोकं जरा कमी चालतं. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. सगळं टेबल हसलं. एकाला तर चहाचा ठसका लागला.

"उत्तर बरोबर आणि कारण भलतंच, म्हणजे शेजारच्याचं बघून लिहिलेलं," मी जाणकारासारखी म्हणाले, तळघराशेजारी हे मोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि दोन गुण कापले. बेरीज आली चौतीस. पास व्हायला पस्तीस लागतात. बिचारं एका गुणाने गेलं, असं मनात आलं, आणि मी पुढचा पेपर ओढला.

निकालाच्या दिवशी मावशी माझ्याकडे आली. भूगोलात एकाहत्तर, भाषेत चौसष्ट.

"गणित चौतीस," ती म्हणाली.

खरं तर मला वाईट वाटलं होतं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. "तरी मी सांगत होते, नियम पाठ कर."

"फेरतपासणीचा अर्ज भरलाय."

"भर. काही होणार नाही. पेपर परत त्याच परीक्षकाकडे जातो, आणि 'माझं चुकलं' असं म्हणणारा परीक्षक मी तरी अजून पाहिलेला नाही."

मावशी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "उद्या शाळा सुटली की लिफ्टकडे ये."

"कशाला?"

"ये म्हटलं ना."

गेले. तिने जाळी ओढली आणि दांडा फिरवला. दुसऱ्या मजल्यावर थांबली, मग तिसऱ्या.

"दोन आणि तीन. कोण वर?"

"तीन. मावशी, हे काय चाललंय?"

"तीन वर. बरं." लिफ्ट खाली निघाली. तळमजला गेला, पहिलं तळघर गेलं. ती थांबली. "भिंतीवर काय लिहिलंय?"

"वजा दोन."

आणखी एक मजला खाली. "आता?"

"वजा तीन."

"या दोघांत कोण वर?"

"वजा दोन."

"वरती जो जास्त उंच, तोच खाली आला की जास्त खोल," मावशी म्हणाली. "वजा लावलं म्हणजे सगळी इमारत उलटी टांगली. मग चिन्हाने तोंड नाही फिरवायचं तर काय करायचं? वजा क्ष हा वजा पाचच्या वर आहे. म्हणजे क्ष काही पाच इतका खोल नाही. पाचपेक्षा लहान. एवढं सोपं आहे, आणि तू म्हणे नियम."

अकरा वर्षं जे शिकवत होते ते मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. आणि कळल्याचा आनंद व्हायच्या आतच मला पेपर तपासणीची ती दुपार आठवली. लांब टेबल, चहाचे पेले, हसणारी तोंडं. तो पेपर कुणाचा होता ते मला समजलं.

मावशीने जाळी उघडली. एक पिवळा दिवा, भिंतीला लावलेल्या बादल्या, पाय मोडलेल्या खुर्च्यांचा ढीग, आणि मधोमध पुसून ठेवलेली एक धड खुर्ची.

"ती कुणाची?" मी विचारलं.

"माझी. व्यवस्थापकांना निकाल कळला ना, त्यांनी सकाळीच ठेवायला लावली."

मी डोकं दुखतंय असं काहीतरी बोलले आणि जिन्याने वर आले. तीन तळघरं चढून येईपर्यंत डोळे पुसायला वेळ मिळाला.

सोपा मार्ग समोर होता. अर्ज येणार, पेपर माझ्याकडेच येणार, गुपचूप दोन गुण चढवायचे; कानोकान खबर लागली नसती. पण आता तो पेपर कुणाचा आहे हे मला माहीत होतं. उद्या कुणी बोट दाखवलं असतं तर मावशीची काचेची खोली तर गेलीच असती, वर तिच्यावर लबाडीचा शिक्का बसला असता. आणि तिने तर एक अक्षरही कुणाचं बघून लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी परीक्षा कचेरीत गेले. तेच टेबल, तीच माणसं, तोच चहा.

"'कारण: तळघर' असं लिहिलेला पेपर मी चुकीचा तपासला," मी मुख्य परीक्षकांना सांगितलं. "कारण खरं आहे. मलाच कळलं नव्हतं. आणि ही परीक्षार्थी माझी मावशी आहे."

मुख्य परीक्षकांनी मला सर्वांसमोर उभं आडवं झापलं. दोन वर्षांसाठी माझं नाव परीक्षकांच्या यादीतून काढलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग त्यांनी तो पेपर मागवला आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे सरकवला. हे मास्तर चिक्कूपणासाठी प्रसिद्ध. गुण देताना जणू स्वतःच्या खिशातून काढून द्यायचे. त्यांनी 'तळघर' वाचलं, चष्मा काढला आणि बोट आधी वर, मग खाली असं दोन-तीनदा केलं. ओठ हलत होते. मग ते एकदम खुदकन हसले.

"खरं आहे की हो! पण फारच थोडक्यात लिहिलंय बाईंनी. दोन कसे देऊ? एक देतो."

चौतिसाचे पस्तीस झाले. पास व्हायची अट होती पस्तीस किंवा त्याहून जास्त. 'पेक्षा मोठा'च्या चिन्हाखाली एक बारीक आडवी रेघ असते, ती विसरू नका म्हणून मी मुलांच्या कानीकपाळी ओरडत असते. माझी मावशी त्या रेघेवर उभी राहून आठवी पास झाली.

काचेची खोली तिला मिळाली. त्या खोलीत बोलायला एक यंत्रही होतं, त्यामुळे आता ती एकाच वेळी तीन लिफ्टमधल्या माणसांच्या चौकश्या करू शकत होती. मी गेले तेव्हा ती सहाव्या मजल्यावरच्या वकिलीणबाईंना जावयाचं विचारत होती. ते संपेपर्यंत मी थांबले. मग एका दमात सांगून टाकलं.

"मावशी, तो पेपर मी तपासला होता. दोन गुण मीच कापले."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"निकाल लागला त्याच दिवशी पेपरची झेरॉक्स मागून घेतली होती. तुझं प्रश्नचिन्ह मी ओळखणार नाही होय? खाली टिंबाच्या जागी वाटाणा काढतेस. लहानपणापासून."

म्हणजे त्या दिवशी 'नियम पाठ कर' असं मी तिला तोंड वर करून सांगत होते, तेव्हा ती झेरॉक्स तिच्या पिशवीत होती. आणि त्याच परीक्षकाबद्दल मी काय काय बोलले होते तेही मला आठवलं.

"मग तेव्हाच तोंडावर फेकायची ना! वर-खाली फिरवत कशाला बसलीस?"

"फेकली असती तर तू काय केलं असतंस?" तिने विचारलं. चेष्टेने नाही, अगदी सरळ.

उत्तर एकच होतं. मी तिला नियम दाखवला असता. गुण एकदा दिले की दिले, नातेवाइकाच्या पेपरला परीक्षकाने हात लावायचा नाही, आणि पुस्तकातलं कारण लिहिलं नाही तर गुण नाहीत. तिन्ही मला तोंडपाठ होते.