सुधाताई आणि पुलीतली पोकळी

सुधाताई गेल्याचा निरोप पांढुर्ण्याहून आला तेव्हा आमच्या सौंसरच्या फाउंड्रीत भट्टी पेटलेली होती. वितळलेलं लोखंड कुणासाठी थांबत नाही. यांनी डोळे पुसले, धाकट्या बहिणीचं नाव घेत साचे भरले आणि मग आम्ही निघालो. कावीळ एवढी वाढेल असं कुणालाच वाटलं नव्हतं… आज महिना होत आला. नणंदेविषयी लिहायला बसले, तर आधी हसूच येतं.

ताई पांढुर्ण्याला शाळेत गणित शिकवायच्या. पगारातून त्यांनी टीव्हीला जोडायचा लहानसा कॉम्प्युटर आणला आणि सुट्टीत आमच्याकडे येऊन टीव्हीच अडवून बसल्या. मुलांची रविवारची मालिका बुडाली, घरभर रुसवेफुगवे. पडद्यावर बघावं तर नुसते आकडे! साच्यातला लोखंडाचा रस कुठे आधी थिजेल नि कुठे शेवटी, हे त्यावरून कळतं म्हणे. जिथे शेवटी थिजतो तिथे आत पोकळी राहते आणि तिथूनच वस्तू तुटते. मधेच वीज गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. "एवढ्या वेळात माझं वर्षाचं तिखट कांडून झालं असतं," असं मी चिडवायची.

पण गरज मोठी होती. कापसाच्या जिनिंगवाल्यांकडे आमच्या पुल्या, म्हणजे यंत्राचा पट्टा फिरवणारी ओतीव चाकं, ऐन हंगामात तुटत होत्या. आणखी एखादी तुटली तर ते नागपूरचा माल घेणार आणि आमच्या फाउंड्रीला कुलूप लागणार, हे उघड होतं. ताईंनी नव्या पुलीच्या एका आऱ्यावर खडूने खूण केली.

"दादा, इथं पोकळी हाये. फोड."

"चांगली पुली फोडू? डोकं फिरलं का तुहं, सुधे?"

पण फोडली. खुणेपाशी लोखंड एकदम भरीव. पोकळी निघाली समोरच्या आऱ्यात. यांचा पारा चढला. "सुट्टीभर हेच करून राहिली का तू?" मला वाटलं, ताई आता रडतात. त्या तर खाली बसून पोकळीत बोट घालून पाहत होत्या आणि चेहरा असा फुललेला! "चुकली मी. पन कायले चुकली, थे पायजे मले. उद्या ओताल तवा मी इथंच उभी राहीन."

राहिल्या. रस थोडा थोडा ओतला जात होता आणि शेवटचा, सर्वांत गरम, एकाच बाजूला पडत होता. ताईंच्या हिशेबात मात्र साचा एका क्षणात भरलेला! कपाळावर हात मारून त्या थेट टीव्हीपुढे गेल्या. नव्या आकड्यांनी दाखवलं तिथे यांनी साच्याला जादा रसासाठी तोंड ठेवलं, म्हणजे थिजताना तिथे रस कमी पडू नये. त्या साच्यातली पुली फोडली तर आतून अखंड निघाली. पुढच्या पुल्या मोहगावच्या जिनिंगमध्ये हंगामभर फिरल्या आणि कुलपाचा विषय कायमचा मिटला. यांना आकडे भरायला शिकवून, कॉम्प्युटर आमच्याकडेच ठेवून ताई परत गेल्या.

मागच्या आठवड्यात यांनी नव्या मापाची पहिली पुली फोडली. आत पोकळी होती, यांच्या आकड्यांनी दाखवली त्याहून भलत्याच जागी. आता हे चिडणार म्हणून मी दारातच थबकले. हे त्या पोकळीकडे पाहत राहिले… आणि हसले, डोळे वाहत असतानाच.

"चाल, टीव्ही मोकळा कर," मला म्हणाले. "कुठं चुकलो थे पाहू."