तात्यांच्या गाडीतली गार हवा

प्रत्येक गॅरेजात एक डबा असतो. गाडी खोलून परत जोडली की जे नटबोल्ट उरतात, ते त्यात जातात. कुठल्या गाडीचे, ते कोणी विचारत नाही. किश्शांचंही तसंच. काम संपतं, गिऱ्हाईक जातं आणि किस्सा आपल्याकडं उरतो! सत्तर सालच्या आसपास मी भोरला गणपत मिस्त्रींच्या गॅरेजात वायरिंगचं काम करायचो. माझ्या डब्यात सगळ्यात जास्त माल तात्यांच्या गाडीचा आहे.

*

आधी मिस्त्रींचा नियम सांगतो. गाडीतून काढलेली वस्तू लगेच टाकायची नाही, भिंतीवरच्या खिळ्याला टांगायची. आठवडाभर गाडीचं तिच्यावाचून अडलं नाही, तर ती मोकळी.

किराणा दुकानवाल्या अप्पांच्या मोटारीचा हॉर्न असाच टांगला होता. अप्पा न्यायलाच येईनात. शेवटी मिस्त्रींनी विचारलं, "अप्पा, हॉर्न न्यायचा न्हाई व्हय?"

"कशापायी? माझा आवाज काय बारीक हाय?"

खरंच होतं ते. अप्पा खिडकीतून डोकं काढून ओरडत निघाले की बाजारातल्या म्हशीसुद्धा वाट द्यायच्या.

*

तात्या विंझरचे. सगळी उमर मुंबईत एका शेठजींचे ड्रायव्हर. शेठजींनी धंदा आवरला तेव्हा आपली जुनी अमेरिकन गाडी तात्यांनाच देऊन टाकली आणि एवढंच म्हणाले, "जशी आहे तशी ठेव." गाडी लांबलचक, आणि कंपनीतूनच एअरकंडिशन बसवून आलेली. तात्या तिच्यात विंझर-भोर सीटा भरायचे.

गार हवेची तोंडं पुढं, डॅशबोर्डात. शेठजी बसायचे मागं. म्हणजे गारवा आधी ड्रायव्हरला! मग शेठजी मागून म्हणायचे, "तात्या, जरा कमी कर. तुला सर्दी होईल."

ही गोष्ट तात्या प्रत्येक सीटेला सांगायचे. नसरापूर येईपर्यंत सांगून व्हायची. रोजची माणसं तर तात्यांच्या आधीच म्हणायची, "...तुला सर्दी होईल!" तात्यांना राग यायचा नाही. उलट बरं वाटायचं.

*

आणि एक दिवस, गाडी माणसांनी भरलेली असताना, त्याच डॅशबोर्डातून धूर आला. सगळे उड्या टाकून शेतात. एक म्हातारबुवा बांधावरून म्हणाले, "तात्या, तुमची गार हवा लईच गरम झाली की!"

त्यानंतर लोक एसटीची वाट बघत उभे राहायचे, पण गाडीत बसेनात. तात्या रिकामी गाडी घेऊन गॅरेजात आले. मी बघितलं. एअरकंडिशनच्या वायरींवरचं रबर उन्हानं चुरा झालं होतं आणि तांबं तांब्याला लागत होतं. मिस्त्री म्हणाले, "त्याच्यातला गॅस कवाच उडालाय. वायरी, पंखा, सगळं काढून टाका. नायतर एक दिवस गाडी पेटंल."

"शेठजींना शब्द दिलाय. आणि काय हवा यायची मिस्त्री, उन्हाळ्यात स्वेटर घालायचो म्या!"

"मेल्या म्हशीला मणभर दूध!" मिस्त्री म्हणाले आणि माझ्या हातात पक्कड दिली.

*

काम सोपं नव्हतं. कंपनीनं दिवे, हॉर्न, गार हवा, सगळ्यांच्या वायरी एकाच जुडीत बांधलेल्या. एक हिरवी वायर सोडवली तर डाव्या बाजूचा दिवा गेला. परत जोडली. तात्या शेजारी स्टुलावर, घरातलं माणूस ऑपरेशनला नेल्यासारखे बसलेले. प्रत्येक वायरीला विचारायचे, "हिचं काय काम व्हतं?" मी सांगायचो. ते मान हलवायचे.

शेवटी गार हवेच्या वायरींची वेगळी जुडी निघाली आणि पंख्यासकट खिळ्यावर गेली. डॅशबोर्डावरचं बटण काढायला लागलो तर तात्यांनी माझा हात धरला. "तेवढं राहू दे."

मिस्त्री म्हणाले, "राहू दे रे. बटणाला काय वैरण लागतीय?"

आठवडा झाला, गाडी झकास चालत होती. नियमानं जुडी मोकळी झाली. पण तात्या आले की आधी खिळ्याकडं बघायचे, म्हणून मिस्त्रींनी ती कधी उतरवलीच नाही. पंखा मात्र शेजारच्या लोहारानं भात्याच्या जागी लावला. गार हवेच्या पंख्यावर निखारे फुलायला लागले! लोहार म्हणायचा, "जलमभर गारठ्यात काढला बिचाऱ्यानं. आता शेकू दे जरा."

*

सीटा परत भरायला लागल्या. एकदा मागं बसलेली एक आजी म्हणाली, "तात्या, ती गार हवा सोडा की वाईच." तात्यांनी गुपचूप बटण फिरवलं. थोड्या वेळानं आजीनं पदर कानावर ओढला. "बंद करा आता. हाडं गारठली माझी."

तात्यांनी बटण मागं फिरवलं.

"आता कसं बरं वाटलं," आजी म्हणाली.

*

पुढच्या मे महिन्यात तात्यांच्या लेकीचं लग्न निघालं आणि शेठजींचा निरोप आला, येतो म्हणून. तात्या पळत गॅरेजात. "मिस्त्री, एका दिवसापुरतं जोडून द्या!"

"काय जोडू? पंखा भट्टीत, वायरी असल्या सडक्या!"

तात्यांचं तोंड एवढंसं झालं. ज्या माणसाला आपण एकच शब्द दिला, तो आता गाडीत बसून बघणार! मला तात्यांची फार कीव आली.

लग्नाच्या दिवशी तात्या शेठजींना घ्यायला गाडी घेऊन नसरापूर फाट्यावर उभे राहिले. इकडं शेठजींना एसटीत लागली झोप. ते थेट भोरला उतरले. स्टँडवर कोणीतरी सांगितलं, तात्यांचा पत्ता गॅरेजात लागेल. आले. पांढरा कोट, हातात काठी. आम्ही चहा दिला. ते खिळ्यावरच्या जुडीकडं बघत होते.

तेवढ्यात लोहार कौतुकानं बोलला, "शेठ, हितं बघा! आमच्या तात्यांच्या गाडीचा पंखा. गार हवेचा हाय!"

शेठजी उठून भट्टीपाशी गेले. पंखा बघितला, निखारे बघितले. परत येऊन चहा संपवला.

मग शोधत शोधत तात्या आले. घामाघूम. मागचं दार उघडून त्यांनी शेठजींना बसवलं. मलाही लग्नाला जायचं होतं, मी पुढं बसलो. तात्यांनी पूर्वीच्या शिस्तीनं सगळ्या काचा वर केल्या आणि बटण पूर्ण फिरवलं.

मे महिन्याची भर दुपार. भोर मागं पडलं. माझा सदरा पाठीला चिकटला. तात्यांच्या नाकावरून घाम टपकत होता, पण त्यांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

मागं शेठजींनी कोटाचं वरचं बटण लावलं.

"तात्या," ते म्हणाले, "जरा कमी कर. तुला सर्दी होईल."