बनियनवाल्यामागचा डोंगर

भाऊबीजेला निघालेला मी बहिणीच्या गावाचा फाटा चुकून बारा किलोमीटर पुढे गेलो. वर्षानुवर्षं त्याच फाट्याला वळतोय. पण माझी खूण होती महामार्गालगतच्या फलकावरचा बनियनवाला. त्याचे फुगवलेले दंड दिसले की डावीकडे वळायचं, एवढाच माझा भूगोल.

वळसा घालून परत आलो, तर नुसता लोखंडी सांगाडा उभा. शेजारच्या चहावाल्याला विचारलं, "इथला बनियनवाला कुठे गेला?"

"उतरवला की! सरकारी हुकूम आलाय, विनापरवाना फलक काढायचे. त्याच्याकडे बघून गाडीवाल्यांचं लक्ष उडतं म्हणे."

माझं लक्ष तर तो नसल्यामुळे उडालं होतं. पण अशी तक्रार सरकारदरबारी कोण घेणार? चहा पीत मी सांगाड्याकडे बघत राहिलो. त्या रिकाम्या चौकटीत मागचा डोंगर बरोब्बर मावला होता. पिवळं पडत चाललेलं गवत, माथ्यावर एकच वाकडं झाड. तो पहिल्यापासून तिथेच असणार. त्याला काहीच विकायचं नव्हतं, म्हणून मला कधी दिसला नाही.

बहीण ओवाळायला थांबली होती, सकाळपासून उपाशी. उशिराची सबब म्हणून तिला सगळं रंगवून सांगितलं, डोंगराचं कौतुकही केलं.

"दादा," ती निरांजन पेटवत म्हणाली, "त्याच डोंगराच्या पायथ्याशी मी अठरा वर्षं नांदतेय. आणि तुला माझं घर बनियनवाला दाखवायचा होय? बस पाटावर!"